परतीची गाडी

परभणी जिल्ह्यात आगगाडी एसटीच्या कितीतरी आधी आली. निजामाच्या संस्थानातली मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, सेलू, परभणी, पूर्णा ही गावं रुळांवर आली आणि 1912 मध्ये पूर्ण्याहून हिंगोलीकडे फाटा गेला. त्यामुळे इथल्या माणसाला प्रवास शिकवला तो रेल्वेने, असं सहज म्हटलं जातं. ते निम्मंच खरं आहे. रेल्वेने दूरचं जाणं शिकवलं. त्या जाण्याला सोबत लागे, शिदोरी लागे, स्टेशन गाठायला बैलगाडी लागे. मानवतचं स्टेशनही गावापासून लांब. जिंतूर, पाथरी, पालम यांच्या वाट्याला तर रूळ आलेच नाहीत. एकट्याने सकाळी निघून दिवेलागणीला निर्धास्त घरी येण्याची सवय लावली ती एसटीने, आणि त्याचं श्रेय मी गाडीपेक्षा वेळापत्रकाला आणि कंडक्टरला देईन.

सरकारी मोटार मराठवाड्याला नवी नव्हती. निजाम स्टेट रेल्वेने जून 1932 मध्येच 27 गाड्या आणि 166 कर्मचारी घेऊन रस्तावाहतूक विभाग काढला होता. पुणे–अहमदनगर ही पहिली एसटी धावली ती त्यानंतर सोळा वर्षांनी, 1 जून 1948 रोजी. (हा मोठेपणा मराठवाड्याच्या खात्यावर क्वचितच मांडला जातो.) पण तो विभाग रेल्वेचाच जोडधंदा होता. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1961 मध्ये इथली वाहतूक राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली आणि पुढच्या दशकांत गाडी हमरस्ता सोडून आतल्या गावांकडे वळत गेली. यातली सर्वांत मोलाची फेरी म्हणजे मुक्कामी गाडी. ती संध्याकाळी तालुक्याहून निघते, शेवटच्या गावात थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि सकाळी तीच गाडी दूध, भाजी, आजारी माणसं आणि शाळेची पोरं घेऊन परत फिरते. कोणाची मुलगी कुठे चढते, कुठे उतरते, हे अशा फेरीवरच्या कंडक्टरला हळूहळू पाठ होतं. सुटे पैसे हातात ठेवणं, पाटी वाचणं, शेवटची गाडी कितीची ते विचारून घेणं हे धडे कोणी शिकवले नाहीत. रोजच्या फेरीने ते अंगवळणी पाडले.

यावर कोणी म्हणेल, बायका काय पूर्वी घराबाहेर पडत नव्हत्या? पडत होत्या. गंगाखेडला गोदावरीच्या स्नानाला, जनाबाईच्या दर्शनाला, परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला त्या जातच. पण ते जाणं घोळक्याचं आणि सणावाराचं असे. मंगळवारी एकटीने कॉलेजला जाण्याला देवाचं निमित्त पुरत नाही. तिथे घरच्यांना परतीची खात्री लागते. म्हणूनच ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आणि पुढे मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या, यांनी केलेलं काम भाडं वाचवण्यापुरतं नव्हतं. ठरलेल्या वेळेची गाडी असली की बापाला रोज नव्याने परवानगी द्यावी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काळीपिवळी जीप अधिक वेळा मिळते, हात केला की थांबते, मग एसटीचं एवढं कौतुक कशाला? जीपने अनेक गावं तगवली, हे मान्यच. मात्र ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि पाऊस लागलेल्या संध्याकाळी ती भरेलच याची हमी कोणी देत नाही. 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती आणि ती चालवणारा मोकळा होता, त्यांचं त्या काळात भागलं. बाकीच्यांचं जाणंयेणं पुन्हा दुसऱ्याच्या सवडीवर आलं. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. ही सवलत मोठीच, पण ती गाडीत चढल्यावर मिळते; संध्याकाळची फेरी रद्द झाली तर स्टँडवर उभ्या असलेल्या मुलीला तिचा उपयोग नाही.