स्वतंत्र वसाहतींची मागणी

अस्पृश्यांची गावे सवर्णांच्या गावांपासून दूर, सरकारने दिलेल्या शेतजमिनीवर नव्याने वसवावीत, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील चळवळीने १९४२ मध्ये मांडलेली राजकीय मागणी. जुलै १९४२ मध्ये नागपूरला एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना करणाऱ्या याच परिषदेत हा ठराव झाला. पडीक सरकारी जमीन या कामासाठी राखून ठेवावी, गरजेनुसार खासगी जमीन विकत घ्यावी, त्यासाठी वसाहत आयोग नेमावा आणि केंद्राने त्याला दरवर्षी किमान ५ कोटी रुपये द्यावेत, असा त्याचा तपशील होता. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) या निवेदनात आंबेडकरांनी ही मागणी पुन्हा केली. राज्यघटनेत तिला जागा मिळाली नाही.

मागणीचे मूळ गावगाड्यात आहे. शिरूर, दौंडसारख्या तालुक्यांत महारवाडा गावकुसाबाहेर होता, पण गावापासून सुटलेला मात्र नव्हता. येसकराने, म्हणजे गावकीच्या पाळीवरच्या महाराने, वेस राखायची, मेलेली गुरे ओढायची, सरकारी सांगावे पोचवायचे आणि त्याबदल्यात तुटपुंजे वतन (जमीन) व बलुते (धान्याचा वाटा) घ्यायचे. हक्क मागितला की गाव बहिष्कार टाकी: कामावरून काढले जाई, दुकानदार माल देत नसे, वाट बंद होई. आंबेडकर सदस्य असलेल्या स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात या शस्त्राची नोंद आहे. अंतर सवर्णांनी ठरवलेले, अवलंबित्वही त्यांनीच लादलेले. ही गाठ तोडण्यासाठीच वेगळे गाव हवे होते. म्हणून या मागणीला फुटीरपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

गाव सोडण्याची एक वाट पूर्वी इंग्रजी लष्करातून जात असे. कोरेगाव भीमा (ता. शिरूर) येथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ नदीपलीकडे पेरणे (ता. हवेली) हद्दीत उभा आहे, त्यावर महार सैनिकांचीही नावे कोरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली आणि ती वाट बुजली. १ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकरांनी स्तंभाला भेट दिली. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे दुरुस्ती विधेयक मांडले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासात याचे जवळचे साम्य सापडते. तिथेही वेगळेपणाचे दोन प्रवाह होते. गोऱ्यांनी लादलेल्या वेगळेपणाला १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. शाळांपुरता तो निर्णय १९५४ मध्ये उलटला. दुसरा प्रवाह पीडितांचा. मार्कस गार्वे यांनी स्वतंत्र व्यापार, स्वतःची जहाज कंपनी आणि आफ्रिकेत परतण्याचा विचार मांडला. १९३० मध्ये डेट्रॉईटला सुरू झालेल्या नेशन ऑफ इस्लामने पुढे स्वतंत्र भूमी मागितली. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकलेल्या आंबेडकरांना हा समाज परका नव्हता. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागवली. मात्र नागपूरच्या ठरावात देश सोडण्याची किंवा वेगळ्या राष्ट्राची भाषा नाही. त्यात याच देशातली जमीन आणि त्यासाठी सरकारी पैसा मागितला आहे. ठरावाचे बळ या व्यवहारी नेमकेपणात आहे.

१९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले होते; वसाहतीही मिळाल्या नाहीत. पुढे १९५६ च्या धर्मांतराने वेगळे होण्याचा मार्ग बदलला. मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द केली. वतनजमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदारांना परत मिळण्याची तरतूद झाली, पण विक्रीवर निर्बंध राहिले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. वस्त्यांना जमीन देण्याची १९४२ ची मागणी त्या निर्णयात नव्हती.