वृद्धी संप्रेरक उपचार : प्रौढांमधील देखरेख

वृद्धी संप्रेरक अर्थात ग्रोथ हॉर्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीतून स्रवते. उंची वाढायची थांबली तरी त्याचे काम थांबत नाही. स्नायू व हाडे बळकट ठेवणे आणि चरबीचा समतोल राखणे, हे काम ते आयुष्यभर करते. प्रौढपणी ते फार कमी पडले की पोटावर चरबी साचते, हाडे विरळ होतात आणि थकवा पाठ सोडत नाही. उपाय म्हणजे सहसा रोज रात्री त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन. प्रौढांसाठी त्याला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. योग्य मात्रा प्रत्येकाची वेगळी असते आणि ती नियमित देखरेखीतूनच सापडते.

कारणे : पोष ग्रंथीची गाठ, तिची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि डोक्याला झालेली जबर इजा ही प्रमुख कारणे. बाळंतपणातील अतिरक्तस्रावानंतर ग्रंथी निकामी होते, त्याला शीहान विकार म्हणतात. घोणस चावल्यानंतरही काही रुग्णांमध्ये ग्रंथीला इजा होते व कमतरता पुढे कित्येक महिन्यांनी उघड होते. अंबरनाथ-बदलापूर परिसरातील शेती व डोंगरपट्ट्यातील रुग्णांना जुन्या सर्पदंशाबद्दल म्हणूनच आवर्जून विचारावे.

मात्रा : तिशी ते साठीदरम्यान साधारण ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमने सुरुवात करतात. साठीनंतर त्याहून कमी. मग दर एक-दोन महिन्यांनी ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमने बदल करतात. इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना जास्त मात्रा लागते. गोळ्या बंद झाल्या की ती कमी करावी लागते.

मुख्य चाचणी : हे संप्रेरक दिवसभरात लाटांप्रमाणे स्रवते, त्यामुळे रक्तातील त्याची पातळी मोजून मात्रा ठरवता येत नाही. त्याच्या प्रभावाने मुख्यतः यकृतात बनणाऱ्या आयजीएफ-१ या प्रथिनाची पातळी स्थिर असते, तीच मोजतात. वयानुरूप सामान्य मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात ती असावी, मर्यादा ओलांडू नये. प्रयोगशाळा बदलली की पद्धत बदलते आणि आकडेही बदलतात. म्हणून एकदा उल्हासनगरला व पुढच्या वेळी कल्याणला असे न करता नमुना दर वेळी एकाच प्रयोगशाळेत द्यावा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या सोमापॅसिटान या वृद्धी संप्रेरकाच्या इंजेक्शनसाठी नमुना इंजेक्शननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घेतात.

इतर तपासण्या : मात्रा स्थिरावल्यावर दर सहा ते बारा महिन्यांनी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी व कोलेस्टेरॉल पाहतात. हाडांची घनता दोन-तीन वर्षांनी मोजतात. गाठ शिल्लक असेल तर ठरावीक अंतराने एमआरआय करतात. या उपचाराने थायरॉइडची व कॉर्टिसॉलची लपलेली कमतरता उघडी पडू शकते; त्यामुळे मुक्त टी-४ व सकाळचे कॉर्टिसॉल तपासणे अत्यावश्यक.

धोक्याच्या खुणा : पायांवर सूज, सांधेदुखी आणि हाताला मुंग्या या मात्रा जास्त झाल्याच्या खुणा, मात्रा घटवली की त्या बहुधा ओसरतात. तीव्र डोकेदुखीसोबत दृष्टी अंधुक झाली तर त्वरित डॉक्टर गाठावा. सक्रिय कर्करोगात हा उपचार देत नाहीत.

उल्हासनगर ते बदलापूर : या पट्ट्यातील रुग्णाला मध्य रेल्वेने परळच्या केईएम रुग्णालयातील अंतःस्राव विभाग गाठता येतो. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. प्रवासात थंड पिशवी हवी, मात्र इंजेक्शनचे पेन बर्फाला थेट लागू नये, कारण गोठलेले औषध वाया जाते. २७ जुलै २०१९ रोजी पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकून पडली होती. अशा वेळी वृद्धी संप्रेरकाचा एखादा डोस चुकला तर फारसे बिघडत नाही. कॉर्टिसॉलची कमतरता असलेल्याची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चुकली तर मात्र जिवावर बेतू शकते. ती गोळी आणि आजाराची नोंद असलेले कार्ड नेहमी खिशात असावे.

फलश्रुती : आकड्यांइतकेच रुग्णाचे सांगणे महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये २५ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात व नऊ महिन्यांनी जीवनमानात किमान ७ गुणांची सुधारणा दिसली तरच उपचार चालू ठेवतात. जिना चढताना दम कमी लागतो का, दिवसाअखेर अंगात त्राण उरते का, हे प्रत्येक भेटीत विचारले जावे. उपचार सुरू केला तो त्यासाठीच.