हुसैनाबादचे घंटाघर : ते कोणी बांधले?

लखनौच्या जुन्या भागात, रूमी दरवाजापासून जवळच हुसैनाबादचे घंटाघर उभे आहे. त्याची उंची सुमारे ६७ मीटर. घड्याळाची तबकडी बारा पाकळ्यांच्या फुलासारखी आहे. रिचर्ड रॉस्केल बेन यांनी या वास्तूचा आराखडा केला. बांधकाम १८८१ मध्ये सुरू झाले आणि १८८७ मध्ये पूर्ण झाले.

पर्यटकांना या वास्तूविषयी दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली, हे भारतातील सर्वांत उंच घंटाघर आहे. परंतु मुंबई विद्यापीठाचा १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. दुसरी, घंटाघर नवाब नसीरुद्दीन हैदर याने बांधले. तो १८३७ मध्येच मरण पावला होता. शिवाय १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केल्यानंतर तेथे नवाबाचे राज्यच उरले नव्हते.

मग खर्च कोणी केला? तो हुसैनाबाद न्यासाने केला. नसीरुद्दीननंतर गादीवर आलेल्या मुहम्मद अली शाहने (१८३७–१८४२) छोटा इमामबाडा बांधला आणि त्याच्या व्यवस्थेसाठी निधी ठेवला. न्यासाचे मूळ तेच. या धार्मिक न्यासाच्या पैशातून उभारलेले घंटाघर मात्र सर जॉर्ज कूपर या इंग्रज अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ होते. १८७७ मध्ये वायव्य प्रांत आणि अवध यांचा कारभार एकाच अधिकाऱ्याकडे आला. त्या पदावरील कूपर हे पहिले.

येथे राजाबाई टॉवरशी तुलना उपयोगी पडते. प्रेमचंद रायचंद यांनी स्वतःच्या पैशातून दिलेल्या देणगीला आपल्या आईचे नाव दिले. तेथे देणारा आणि सन्मान ठरवणारा एकच. लखनौत निधी नवाबाचा, मान इंग्रज अधिकाऱ्याचा. राज्य गेले तरी नवाबांची संपत्ती शहरात होती. ती कशासाठी खर्च व्हावी, यावरचा ताबा मात्र बदलला होता. घंटाघराचे श्रेय नसीरुद्दीनला दिले की नेमका हाच बदल झाकला जातो.

१९८४ मध्ये बंद पडलेले हे घड्याळ २०११ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले. नवाबाच्या नावाची चूक मात्र माहितीपत्रकांतून अजून चालत आली आहे. वास्तूची माहिती वाचताना म्हणून आधी सनावळी जुळवावी, मग पैसा कोणाचा आणि गौरव कोणाचा, हे विचारावे.