अमेरिकेतील किनारी संरक्षण व नौकानयनासाठी राज्यांनी संघाकडे सुपूर्द केलेली भूमी : एक ऐतिहासिक अभ्यास (१७८७ ते १८६१)

प्रस्तावना :
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासात संघशासन आणि घटक राज्ये यांच्यातील सत्तासंघर्षाचा अभ्यास प्रामुख्याने गुलामगिरी, जकात आणि राज्यांचे हक्क या अंगांनी झालेला आहे. मात्र या संघर्षाला एक भौगोलिक बाजूही होती. १७८७ च्या राज्यघटनेने परकीय व्यापाराचे नियमन आणि देशाचे संरक्षण या जबाबदाऱ्या संघशासनाकडे सोपविल्या. परंतु ज्या किनाऱ्यावर दीपगृहे व किल्ले उभारावयाचे, तो किनारा राज्यांचाच राहिला. म्हणजे कर्तव्य एकाचे व भूमी दुसऱ्याची, अशी स्थिती निर्माण झाली. भारतात दीपगृहे हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत समाविष्ट असल्याने भारतीय वाचकास या प्रश्नाची तीव्रता सहज जाणवत नाही. अमेरिकेत मात्र प्रत्येक भूखंडासाठी स्वतंत्रपणे राज्य विधिमंडळाची संमती मिळवावी लागली. ही संमती कोणत्या अटींवर दिली गेली आणि तिचे परिणाम काय झाले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) भूमी हस्तांतरणामागील घटनात्मक तरतुदीची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) दीपगृहे व किल्ले यांसाठी झालेल्या हस्तांतरणाच्या अटींचे स्वरूप अभ्यासणे.
३) हस्तांतरित भूमीवरील अधिकारक्षेत्राचे प्रश्न व तेथील रहिवाशांवर झालेले परिणाम तपासणे.
४) १८६०-६१ च्या संघर्षात या भूमीला आलेले महत्त्व स्पष्ट करणे.

घटनात्मक पार्श्वभूमी :
राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमाच्या सतराव्या उपकलमाने काँग्रेसला दोन प्रकारच्या भूमीवर अनन्य कायदेकारी अधिकार दिला. पहिली, दहा मैल चौरसापेक्षा अधिक नसलेली राजधानीची भूमी. आणि दुसरी, राज्य विधिमंडळाच्या संमतीने खरेदी केलेली किल्ले, दारूगोळ्याची कोठारे, शस्त्रागारे, गोद्या व इतर आवश्यक इमारतींची ठिकाणे.

यातील 'विधिमंडळाच्या संमतीने' हे शब्द मूळ मसुद्यात नव्हते. ५ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फिया येथील घटना परिषदेत एल्ब्रिज गेरी यांनी अशी भीती व्यक्त केली की, संघशासन एखाद्या राज्यातील जागा विकत घेत जाईल आणि तेथील तटबंदीच्या धाकाने त्या राज्याला अंकित करील. या आक्षेपावर उपाय म्हणून रूफस किंग यांनी संमतीची अट सुचविली व ती स्वीकारली गेली. जेम्स मॅडिसन यांनी 'फेडरलिस्ट' लेखमालेतील ४३ व्या लेखात याच तरतुदीचे समर्थन केले. ज्या ठिकाणांवर साऱ्या संघाची सुरक्षितता अवलंबून आहे ती एकट्या राज्याच्या मर्जीवर विसंबून असू नयेत, आणि राज्याची संमती आवश्यक असल्याने राज्याच्या शंकांचेही निरसन होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. किल्ला हा शत्रूपासून रक्षण करणारा की आपल्यावरच रोखलेला, हा गेरी यांचा प्रश्न मात्र पुढे ७३ वर्षांनी प्रत्यक्षात उभा राहिला.

दीपगृहांचे हस्तांतरण :
वसाहतकाळात दीपगृहे ही स्थानिक शासनाची जबाबदारी होती. १७१६ मध्ये बॉस्टन बंदरात उभारलेले दीपगृह हे त्यांतील पहिले होय. त्याचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांवरील करातून भागविला जाई. नव्या राज्यघटनेने काँग्रेसच्या संमतीवाचून आयातकर व जहाजांच्या भारमानावरील कर बसविण्यास राज्यांना मनाई केली. त्यामुळे दीपगृहे राज्यांकडे आणि ती चालविण्याचे उत्पन्न संघाकडे, असा पेच निर्माण झाला.

पहिल्या काँग्रेसने ७ ऑगस्ट १७८९ रोजी संमत केलेल्या दीपगृह कायद्याने हा पेच सोडविला. १५ ऑगस्ट १७८९ नंतर दीपगृहे, संकेतदीप, बोये व सार्वजनिक धक्के यांच्या देखभालीचा खर्च संघीय कोषागारातून करण्याचे ठरले. मात्र राज्यांनी एका वर्षाच्या आत ही बांधकामे, त्यांखालील जमीन व तेथील अधिकारक्षेत्र संघाकडे सुपूर्द करावे, अशी अट होती. ही मुदत पुढे वाढविण्यात आली. खर्चाच्या मोबदल्यात भूमी, असे या व्यवहाराचे सूत्र होते. कोषागार सचिव अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या खात्याकडे हे काम आले.

याच कायद्यान्वये चेसापीक उपसागराच्या मुखाशी एक नवे दीपगृह बांधावयाचे होते. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८९ मध्ये केप हेन्री येथील दोन एकरांपर्यंतची जमीन त्यासाठी देऊ केली. या कायद्याच्या अटी उद्‌बोधक आहेत. सात वर्षांत दीपगृह न उभारल्यास जमीन राज्याकडे परत यावयाची होती. तसेच त्या किनाऱ्यावर मासेमारी करण्याचा व रापण ओढण्याचा नागरिकांचा चालत आलेला हक्क हस्तांतरणामुळे बाधित होणार नाही, असे स्पष्ट नमूद करण्यात आले. राज्याने जमीन दिली, परंतु कोळ्यांचा किनारा राखून ठेवला. हे दीपगृह १७९२ मध्ये पूर्ण झाले. संघशासनाने स्वतः बांधून पूर्ण केलेले ते पहिले दीपगृह होय.

अनेक राज्यांनी आणखी एक हक्क राखून ठेवला, तो म्हणजे हस्तांतरित जागेत राज्याच्या न्यायालयांचे समन्स व वॉरंट बजावण्याचा. दीपगृहाचे आवार हे गुन्हेगार व ऋणको यांचे आश्रयस्थान बनू नये, हा त्यामागील हेतू होता. २ मार्च १७९५ च्या कायद्याने काँग्रेसने अशी सशर्त हस्तांतरणेही पुरेशी मानली.

किल्ल्यांसाठी भूमी :
युरोपातील युद्धाच्या सावटाखाली २० मार्च १७९४ रोजी काँग्रेसने प्रमुख बंदरांच्या तटबंदीचा कायदा केला. त्यानुसार राज्यांकडून भूमी हस्तांतरित करून घेण्याचा, ती न मिळाल्यास खरेदी करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. न्यूयॉर्कने १८०० मध्ये गव्हर्नर्स, बेडलो व एलिस या बेटांवरील अधिकारक्षेत्र संघाकडे दिले. एलिस बेटाची मालकी मात्र खाजगी असल्याने ती १८०८ मध्ये १०,००० डॉलरला स्वतंत्रपणे मिळवावी लागली. मालकी आणि अधिकारक्षेत्र या दोन भिन्न बाबी होत्या, हे यावरून दिसते. दक्षिण कॅरोलिनाने १८०५ मध्ये चार्ल्स्टन बंदरातील फोर्ट मोल्ट्री, फोर्ट जॉन्सन इत्यादी ठिकाणे दिली. परंतु तीन वर्षांच्या आत किल्ल्यांची दुरुस्ती वा उभारणी करून तेथे शिबंदी न ठेवल्यास हे दान रद्द समजावे, असे बजावले.

१८१२ च्या युद्धात ब्रिटिश आरमाराने चेसापीक उपसागरात मुक्त संचार केला आणि ऑगस्ट १८१४ मध्ये राजधानी वॉशिंग्टन जाळली. या अनुभवातून चिरेबंदी किल्ल्यांची 'तिसरी प्रणाली' जन्माला आली. नेपोलियनच्या सैन्यातील अभियंता सिमाँ बेर्नार यांच्या नियोजनानुसार १८१९ मध्ये व्हर्जिनियातील ओल्ड पॉइंट कम्फर्ट येथे फोर्ट मन्रोचे काम सुरू झाले. व्हर्जिनियाने १८२१ च्या कायद्याने येथील २५० एकर व समोरच्या रिप रॅप्स खडकाची १५ एकर जागा देऊ केली. तटबंदीसाठी उपयोग थांबल्यास भूमी राज्याकडे परत यावी, ही अट येथेही होती. म्हणजेच राज्यांच्या दृष्टीने हे निर्वेध दान नसून प्रयोजनापुरता दिलेला ताबा होता.

अधिकारक्षेत्राचे वाद :
भूमी दिल्यानंतर तेथे कायदा कोणाचा, हा प्रश्न लवकरच न्यायालयांपुढे आला. १८११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या आवारातील विनापरवाना मद्यविक्रीबद्दल राज्यास शिक्षा करता येणार नाही, असा निर्णय दिला. याउलट १८१८ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी बॉस्टन बंदरात नांगरलेल्या युद्धनौकेवरील खुनाच्या खटल्यात, बंदराचे पाणी हस्तांतरित झालेले नसल्याने ते राज्याच्याच अधिकारक्षेत्रात आहे, असे ठरविले. १८१९ मध्ये फोर्ट नायगारासंबंधी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, केवळ संघाचे सैन्य ताब्यात आहे म्हणून राज्याचा अधिकार संपत नाही, त्यासाठी हस्तांतरण आवश्यक आहे, असे म्हटले. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधील फोर्ट अ‍ॅडम्सच्या प्रकरणात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी समन्स बजावण्याचा हक्क राखल्याने संघाच्या अनन्य अधिकारास बाधा येत नाही, असा निर्वाळा दिला.

या निर्णयांची एक बाजू उपेक्षित राहिली आहे. जेथे राज्याचा कायदा संपतो, तेथे राज्याचे नागरिकत्वाचे लाभही संपतात. १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायमूर्तींनी विधिमंडळास दिलेल्या अभिप्रायात, अशा भूमीवर राहणाऱ्यांना राज्यात मतदान करण्याचा किंवा मुलांना नगराच्या शाळांत पाठविण्याचा हक्क नाही, असे मत दिले. देशाच्या संरक्षणासाठी ज्या भूमीवर लोक राहत होते, त्याच भूमीने त्यांना मतहीन केले. संघीय भूमीवरील रहिवाशांना राज्याच्या निवडणुकीत मतदान नाकारता येणार नाही, हे संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये मेरीलँडच्या प्रकरणात स्पष्ट केले.

११ सप्टेंबर १८४१ च्या संयुक्त ठरावाने काँग्रेसने असा नियम केला की, महान्यायवादींनी मालकी हक्क निर्दोष असल्याचे मत दिल्याखेरीज व राज्य विधिमंडळाने संमती दिल्याखेरीज अशा जागेवर सार्वजनिक पैसा खर्च करू नये. यांपैकी राज्याच्या संमतीचे बंधन १९४० पर्यंत कायम राहिले.

फोर्ट समटर व फोर्ट मन्रो :
चार्ल्स्टन बंदरातील उथळ वाळूच्या दांड्यावर दगड टाकून १८२९ मध्ये फोर्ट समटरचे काम सुरू झाले. १८३४ मध्ये एका स्थानिक गृहस्थाने या जागेवर मालकी सांगितली, राज्यानेही संघाच्या अधिकाराविषयी पृच्छा केली आणि काम थांबले. अखेर डिसेंबर १८३६ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने या जागेवरील राज्याचे सर्व हक्क संघाला दिले.

२० डिसेंबर १८६० रोजी हेच राज्य संघातून फुटून निघाले. सहा दिवसांनी मेजर रॉबर्ट अँडरसन यांनी मोल्ट्रीतील शिबंदी समटरमध्ये हलविली. जानेवारी १८६१ मध्ये राज्याने आयझॅक हेन यांना वॉशिंग्टनला पाठवून किल्ल्याची किंमत देण्याची तयारी दर्शविली. युद्धसचिव जोसेफ होल्ट यांनी ६ फेब्रुवारीच्या उत्तरात ती नाकारली. विधिमंडळाने दिलेल्या संमतीमुळे संघाची मालकी पूर्ण असून राज्याला तेथे भूसंपादनाचा अधिकार चालविता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८३६ चा दस्तऐवज संघाचा आधार बनला. १२ एप्रिल रोजी तोफा सुरू झाल्या.

व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो मात्र युद्धभर संघाच्या ताब्यात राहिला. मे १८६१ मध्ये तीन गुलाम पळून या किल्ल्यात आले. जनरल बेंजामिन बटलर यांनी, स्वतःस परका देश म्हणविणाऱ्या व्हर्जिनियाला पळून आलेल्या गुलामांविषयीच्या संघीय कायद्याचा लाभ मागता येणार नाही, असे सांगून त्यांना युद्धातील जप्त माल म्हणून ठेवून घेतले. पुढे हजारो गुलाम या तटाच्या आश्रयास आले. ज्या किल्ल्याच्या बांधकामात गुलामांचे श्रम वापरले गेले होते, त्याच किल्ल्याने त्यांना स्वातंत्र्याची वाट दाखविली. १८२१ मध्ये २५० एकर देताना व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने याची कल्पना केली नसावी.

समारोप व निष्कर्ष :
१) राज्यांनी भूमी दिली ती बहुधा सशर्त होती. मुदत, प्रयोजन, समन्स बजावण्याचा हक्क आणि क्वचित मासेमारीचा हक्क यांद्वारे राज्यांनी आपले हितसंबंध राखले.
२) दीपगृहांच्या बाबतीत खर्चाचा भार उतरत असल्याने हस्तांतरण सुकर झाले, किल्ल्यांच्या बाबतीत संशयाची छाया कायम राहिली.
३) अधिकारक्षेत्राच्या स्पष्टतेची किंमत तेथील सामान्य रहिवाशांना मताधिकाराच्या रूपाने मोजावी लागली.
४) शांततेच्या काळात औपचारिक वाटणारी संमती संकटकाळात निर्णायक ठरली. समटरच्या प्रश्नावर संघाने तोफांआधी कागद पुढे केला, हे लक्षणीय आहे.
५) हस्तांतरणाच्या अटी कालबाह्य झाल्या नाहीत. २०११ मध्ये सैन्याने फोर्ट मन्रो सोडल्यावर जुन्या अटीनुसार मूळ भूमीवर व्हर्जिनियाचा हक्क पुन्हा प्रस्थापित झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी त्याचा काही भाग राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आला. १८२१ मध्ये घातलेली अट १९० वर्षांनी अमलात आली. संघराज्य हे केवळ अधिकारांच्या विभागणीवर नव्हे, तर दिलेल्या शब्दाच्या पालनावरही उभे असते, हेच यावरून स्पष्ट होते.