लष्करी वाटेने परिचर्येकडे

१८८८ साली इंग्लंडहून दहा शिकलेल्या परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या. कॅथरिन ग्रेस लॉक ही त्यांची प्रमुख. तिने रावळपिंडीस ठाणे मांडले. लष्कराने परिचारिका आणल्या त्या अशा तयार. त्या घडवण्याचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. शिवाय त्यांची सेवा होती गोऱ्या सैनिकांपुरती. देशी पलटणींसाठी कायमचे परिचर्यादल उभे राहण्यास १९२६ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाने ही घडी मोडली. जखमींची संख्या वाढू लागली आणि शिकलेल्या परिचारिका पुरेनात. तेव्हा साहाय्यक परिचर्यादल काढून हिंदी स्त्रियांना अल्पावधीचे शिक्षण देऊन वॉर्डात उभे करण्यात आले. १९४३ च्या वटहुकुमाने लष्करी परिचारिकेला अधिकाऱ्याचा दर्जा दिला. (हा वटहुकूम स्वातंत्र्यानंतरही लागू राहिला, ही गंमतच!) बाहेरची स्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या हिशेबाने ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम ७००० परिचारिका होत्या. म्हणजे सुमारे ४३००० माणसांमागे एक. रुग्णसेवा हे आपल्या घरातील मुलीचे काम नव्हे, ही समजूत पांढरपेशा कुटुंबांत घट्ट होती.

ती सैल करण्यास खांद्यावरील ताऱ्यांचा मोठा उपयोग झाला, असे मला वाटते. १९६४ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्येचे शिक्षण सुरू झाले आणि वाट पुरी झाली. आता अशी सहा महाविद्यालये आहेत. विज्ञान घेऊन बारावी झालेल्या मुलीने चार वर्षे शिकावे. राहणे, जेवण, गणवेश सरकारचा, वर विद्यावेतन. बदल्यात करारपत्र लिहून द्यावयाचे, की पुढे लष्करात सेवा करीन. पदवी हाती येते ती लेफ्टनंटच्या हुद्द्यासह. फी भरण्याची ऐपत नसलेल्या घराला हा सौदा लहान नाही. १९७६ साली गर्ट्रूड अॅलिस राम या परिचारिकेला मेजर जनरलचा हुद्दा मिळाला. भारतीय लष्करात तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

पण करारातील सारे कलम विद्यार्थिनीच्या हिताचेच असे नाही. १९७७ च्या एका लष्करी आदेशान्वये लग्न केल्यास परिचारिकेची नोकरी जाऊ शके. १९९५ साली तो आदेश मागे घेण्यात आला. मात्र त्यापूर्वी, १९८८ साली, लग्न केले म्हणून एका लेफ्टनंट परिचारिकेला घरी पाठविण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ही सेवामुक्ती बेकायदा ठरवून तिला ६० लाख रुपये देवविले. तोवर २०२४ साल आले होते.