बीज, माती आणि उजेड : देगलूर परिसरातील पेरणीच्या संकेतांचा एक विचार

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगण व कर्नाटक ह्या दोन्ही राज्यांच्या सीमांना लागून, देगलूर तालुका आहे. येथील जमीन काळी, चिकण व खोल. बाजारपेठेत मराठीबरोबर तेलुगु व कानडीही सहज कानी पडते. ह्या भागात पेरणीचा एक संकेत पूर्वापार चालत आला आहे, आणि तो केवळ ह्याच भागाचा नसून सबंध दख्खनचा आहे. ज्वारी, तूर, हरभरा ह्यांसारखे ठसठशीत बी तिफणीने ओलीपर्यंत खोल सोडावयाचे. कांदा, वांगी, माठ, तंबाखू ह्यांसारखे बारीक बी मात्र वाफ्यात हाताने फेकून त्यावर राखेचा, वाळूचा किंवा चाळलेल्या शेणखताचा नावापुरता थर द्यावयाचा. तुळशीचे बी तर बहुधा कोणी पेरीतही नाही. वृंदावनाच्या भोवती मंजिऱ्या झडतात आणि पावसाबरोबर रोपे आपोआप उठतात.

ह्या संकेताचा अर्थ लावताना अलीकडे एक मत वारंवार मांडले जाते. काही बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो, हे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकात उमगले. परंतु आपल्या पूर्वजांना ते वृक्षायुर्वेदाच्या काळापासून ठाऊक होते, असे ते मत होय. मत सुखावह आहे, आणि म्हणूनच ते तपासून घेणे अगत्याचे आहे. ग्रंथात जे नाही ते ग्रंथाच्या पदरी बांधल्याने ग्रंथाचा गौरव होत नाही. शिवाय शेतकऱ्याच्या हातात जे खरोखर होते तेही त्यामुळे झाकले जाते.

प्रथम ग्रंथांकडे वळू. कौटिलीय अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या प्रकरणी बीजसंस्काराचा विधी आहे. धान्याचे बी रात्री दवात व दिवसा उन्हात असे सात रात्रींपर्यंत ठेवावे आणि शेंगवर्गीय धान्याला तीन किंवा पाच रात्री पुरे, असे तेथे सांगितले आहे. कृषिपराशरात माघ-फाल्गुनात बी गोळा करून उन्हात चांगले वाळवावे, असा आदेश आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात बी दहा दिवस दुधात भिजविणे, तुपाचा हात लावणे, शेणात घोळविणे, मांसाची धुरी देणे अशा क्रिया येतात. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातही दूध, शेण, तूप व धूप ह्यांचाच परिवार आहे.

देगलूरला अधिक जवळचे असे दोन ग्रंथ म्हणजे चावुंडरायाचा कानडी ‘लोकोपकार’ आणि तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’. पहिला इ. स. १०२५ चा, चालुक्य राजा दुसरा जयसिंह ह्याच्या काळातील. दुसरा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. ज्या कल्याणीच्या दरबाराशी हे दोन्ही ग्रंथ निगडित आहेत ती आजचे बसवकल्याण होय, आणि देगलूरपासून ती काही फार दूर नाही. देगलूरनजीकच्या होट्टल येथील सिद्धेश्वराचे मंदिर त्याच चालुक्यकालीन शिल्पवैभवाची साक्ष देते. राजोद्यान, फळझाडे, झाडांचे रोग, बीजसंस्कार ह्यांविषयी त्या दरबारात आस्था होती, ह्यात शंका नाही. तथापि ह्या परंपरेचा भर खत, पाणी, धूप आणि औषधी लेप ह्यांवर आहे. ऊन येते ते बी वाळविण्यासाठी किंवा त्यातील कीड मारण्यासाठी. मातीतील बीजाला उजेड पोचला नाही तर ते रुजणार नाही, हा विचार ह्या ग्रंथांच्या बीजसंस्कारात डोकावत नाही. ऊन आणि उजेड ही दोन निराळी कारणे आहेत, अशी वाटणी त्या काळी कोणी केली नव्हती. युरोपातही केली नव्हती.

मग वाफ्यातील पातळ थराचे काय? येथे दोन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती सोडवून घेतली पाहिजेत. बारीक बियांत अन्नाचा साठा अल्प असतो. जमिनीच्या पृष्ठभागी येऊन पाने उघडेपर्यंत कोंबाला त्याच शिदोरीवर जगावे लागते. दोन बोटे माती चढली तर शिदोरी वाटेतच संपते. हे कारण उजेडाशी काडीमात्र संबंध न ठेवता उथळ पेरणीचे पूर्ण समर्थन करते. मिरचीचे किंवा वांग्याचे बी अंधारातही रुजते, तरी ते वाफ्यातच टाकतात, कारण तेथे झारीने पाणी देता येते, रोप निवडता येते आणि राखण सोपी होते. म्हणून उथळ पेरणी दिसली की तीत उजेडाचे ज्ञान दिसले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

ह्या सर्व पिकांत तंबाखूची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती दख्खनच्या इतिहासाशी जडलेली आहे. अमेरिकेतील ही वनस्पती पोर्तुगीजांच्या मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर उतरली व तेथून विजापूरच्या दरबारात पोचली. अकबराचा दूत असदबेग ह्याने विजापुरात ती पाहिली आणि इ. स. १६०४ च्या सुमारास बादशहापुढे नेऊन ठेवली, हा वृत्तांत प्रसिद्ध आहे. पुढे दख्खनमध्ये तिची लागवड स्थिरावली. सीमाभागातील निपाणीची विडीची तंबाखू तर नावारूपाला आली. तंबाखूचे बी अतिशय सूक्ष्म असते; एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे मावतात. ते एकटे फेकणे अशक्य, म्हणून राख किंवा वाळू मिसळून फेकतात, हाताने किंवा पाट्याने नुसते दाबतात, वर विरळ गवत पसरतात आणि झारीने हलके पाणी देतात. येथे मात्र उजेड खरोखरच कामी येतो, कारण तंबाखूच्या बहुतेक वाणांचे ओले बी पूर्ण अंधारात नीट रुजत नाही. विरळ गवतातून पुरेसा उजेड आत येतो आणि ओलही टिकते. एकाच आच्छादनाने दोन गरजा भागतात. जावा बेटातील बुइटेनझोर्ग येथे काम करणाऱ्या रासिबोर्स्की ह्या पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञाने इ. स. १९०० च्या सुमारास तंबाखूच्या बियांची ही गरज नोंदविली. तंबाखूचे वाफे करणारा कुणबी त्याच्या कितीतरी आधीपासून योग्य तीच गोष्ट करीत आला होता. त्याला कारण ठाऊक नव्हते. रीत ठाऊक होती. कारणाचे श्रेय त्याला देणे हा अन्याय नसला तरी अनैतिहासिक आहे. रीतीचे श्रेय त्याच्याकडून काढून घेणे मात्र अन्यायच होय.

ह्याच्या नेमके उलट टोकाचे उदाहरण प्रत्येक घरच्या देव्हाऱ्यात सापडते. नवरात्रात घटस्थापना होते. पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरून तीत गहू, ज्वारी वगैरे धान्ये पेरतात, मध्ये घट ठेवतात आणि नंदादीप तेवत राहतो. देवघर अंधारे, दिव्याचा उजेड अगदी मंद. तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर फुटतात आणि दसऱ्यापर्यंत ते वीतभर होऊन फिकट पिवळ्या रंगाचे दिसतात. तेच पुढे पागोट्यात किंवा टोपीत खोवतात. ह्या विधीत एक प्रयोग न कळत घडतो. धान्याचे दाणे रुजण्यासाठी उजेडाची वाट पाहत नाहीत, परंतु हिरवे होण्यासाठी त्यांना तो लागतो. रुजणे आणि वाढणे ह्या दोन भिन्न अवस्था असून त्यांच्या गरजाही भिन्न आहेत, हे ज्याला समजावयाचे आहे त्याने घटाच्या धान्याकडे पाहावे. पुष्कळ लेखकांची ह्या विषयात जी गल्लत होते ती इथेच होते.

धान्ये अशी निरपेक्ष का? ह्याचे उत्तर शेतीच्याच इतिहासात आहे. रानटी गवतांचे बी आपल्या सोयीने, कधी या वर्षी तर कधी पुढल्या वर्षी, रुजते. शेतकऱ्याला ते परवडत नाही. चाड्यावर मूठ धरली की सगळे बी एकदम उगवले पाहिजे. हजारो वर्षे जे बी एकदम उगवले त्याचीच कणसे पुढच्या पेरणीसाठी राखली गेली आणि थांबून राहणारे बी आपोआप गळाले. म्हणजे उजेडाची अट काही पिकांतून नाहीशी करण्याचे काम शेतकऱ्याच्याच हाताने, निवडीच्या मार्गाने, झाले आहे.

शास्त्रीय शोधाची वाट लांबलचक आणि बरीच वळणांची आहे. कास्पारी ह्या जर्मन वनस्पतिज्ञाने इ. स. १८६० मध्ये एका पाणवनस्पतीचे बी उजेडाशिवाय रुजत नसल्याचे दाखविले. पुढे किंझेल ह्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात नऊशेंहून अधिक जातींचे बी तपासले. त्यांतील बहुसंख्यांना प्रकाश अनुकूल आढळला, काहींना तो प्रतिकूल आढळला आणि अगदी थोड्या जाती उदासीन निघाल्या. याद्या वाढत गेल्या, कारण मात्र हाती येईना. इ. स. १९३५ ते १९३७ च्या दरम्यान अमेरिकेत फ्लिंट व मॅकॅलिस्टर ह्यांनी सॅलडच्या बियांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकून पाहिला. तांबडा प्रकाश बी रुजवितो, तर तांबड्याच्याही पलीकडचा गडद प्रकाश ते रोखतो, असे त्यांना आढळले. इ. स. १९५२ मध्ये बेल्ट्सव्हिल येथे बॉर्थविक, हेंड्रिक्स, टूल दांपत्य व पार्कर ह्यांनी निर्णायक प्रयोग केला. एकाच बियांवर तांबडा आणि गडद तांबडा प्रकाश आळीपाळीने कितीदाही टाकला, तरी बी रुजणार की नाही हे शेवटी कोणता प्रकाश पडला त्यावरच ठरे. मागील सर्व आज्ञा पुसून जात. अशी उलटसुलट होणारी क्रिया एखाद्या रंगद्रव्याचीच असली पाहिजे, हा तर्क इ. स. १९५९ मध्ये ते द्रव्य प्रत्यक्ष ओळखले गेल्याने खरा ठरला. त्यास फायटोक्रोम हे नाव मिळाले. सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश त्यास कार्यक्षम रूप देतो आणि सुमारे ७३० नॅनोमीटरचा प्रकाश ते रूप मोडतो.

ह्या शोधाने वाफ्यापेक्षाही शेताचे एक कोडे अधिक चांगले उलगडले. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व गडद तांबडा खाली जाऊ देते. त्यामुळे दाट पिकाच्या सावलीत पडलेल्या पुष्कळ तणांच्या बियांना ‘अजून वेळ नाही’ अशी आज्ञा मिळते. मातीखाली तर प्रकाश काही मिलिमीटरच पोचतो. काळ्या चिकण मातीत त्याहूनही कमी. वखराची पाळी पडली किंवा खुरपणीत माती उलथली की खोल गाडलेले बी क्षणभर उजेडात येते, आणि तेवढा क्षणही काही जातींना पुरतो. घोळ आणि चाकवत ह्यांचे बी उजेडाने चेतते. नुकत्याच खुरपलेल्या रानात त्यांची दाटी होते ती ह्यामुळे. पेरणीपूर्वी पाळी घालून पहिले तण उगवू द्यावयाचे आणि दुसऱ्या पाळीने ते मारावयाचे, ही रीत वखराच्या शेतीत प्रचलित आहे. तिच्या बुडाशी असलेले कारण पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत कोणी नीट सांगू शकत नव्हते.

अमेरिकेतील मिशिगनमध्ये बील ह्या प्राध्यापकाने इ. स. १८७९ मध्ये तणांचे बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांतून पुरून ठेवले आणि ठरावीक काळाने एकेक बाटली काढावी अशी योजना केली. तो प्रयोग अद्याप चालू आहे. इ. स. २०२१ मध्ये पुढची बाटली काढताना संशोधकांनी पहाटेपूर्वीची अंधारी वेळ निवडली आणि हिरव्या दिव्याच्या उजेडात काम केले, जेणेकरून बियांना वेळेआधी प्रकाशाची आज्ञा मिळू नये. एका शेतकऱ्याच्या कुदळीने जे रोज घडते ते टाळण्यासाठी एवढी सावधगिरी!

होट्टलसारख्या जुन्या देवळांच्या शिळांच्या फटीत पिंपळ-उंबराची रोपे का रुजतात, हेही ह्याच सूत्राने बऱ्याच अंशी कळते. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले ह्या वर्गातील बी फटीच्या कडेला, उजेडात, थोड्या धुळीवर पडते. मातीखाली गाडले गेले असते तर त्यातील बरेचसे पडूनच राहिले असते. वाफ्यात तंबाखूसाठी माणूस जी व्यवस्था करतो ती येथे वाऱ्यापावसाने केलेली असते. देवळांच्या जतनाचे काम करणाऱ्यांना ह्याचा उपयोग आहे. मुळे छाटून भागत नाही. फटी चुन्याने बुजवाव्या लागतात.

मराठवाड्यात कृषिसंशोधनाची परंपरा परभणीला रुजली, इ. स. १९७२ मध्ये तेथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि इ. स. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक ह्यांचे नाव आहे. जमिनीचे पोत, वाण, खत, पाणी ह्यांचा विचार अशा संस्थांत साहजिकच प्रथम झाला. परसबागेतील बियांचा विचार मागे राहणे समजण्यासारखे आहे. तरी देगलूरसारख्या गावच्या आठवडी बाजारात बियाण्यांची पाकिटे विकत घेणाऱ्या माणसाची अडचण नेमकी तिथेच असते. झेंडू, मेथी, कोथिंबीर ही बोटभर मातीखाली निश्चिंत रुजतात. पिटुनियाचे धुळीसारखे बी त्याच हिशोबाने गाडले तर ते उगवत नाही आणि दोष बियाण्याला दिला जातो. उलट ते उघडे ठेवले तर काळ्या मातीवर दुपारच्या उन्हात पापुद्रा धरतो आणि बी वाळून जाते. उजेड हवा म्हणून ऊन द्यावयाचे नाही आणि ओल हवी म्हणून माती चढवावयाची नाही. तंबाखूचे वाफे करणाऱ्याने विरळ गवत पसरून, दिवसातून दोनदा झारी फिरवून हा पेच सोडविला होता. गवत तो रोपे दोन पानांवर आली की संध्याकाळच्या वेळी काढून घेई.