बांगर, संजय बापूसाहेब
बांगर, संजय बापूसाहेब : (11 ऑक्टोबर 1972). भारतीय कसोटीपटू आणि व्यावसायिक क्रिकेट प्रशिक्षक. जन्म बीड येथे. वयोगटातील क्रिकेट महाराष्ट्र व मुंबईकडून. 1993-94 च्या हंगामापासून मात्र रेल्वेकडून. रेल्वेचे घरचे मैदान म्हणजे दिल्लीच्या पहाडगंज भागातील कर्नैलसिंग स्टेडियम.  मराठवाड्यात जन्मलेला हा खेळाडू या संघाकडून पुढे तब्बल वीस वर्षे खेळला.

रेल्वेच्या संघात फारसे तारे नव्हते. तिथे एकाच खेळाडूला सलामीला जावे लागे, मधल्या फळीत तग धरावा लागे आणि मध्यमगती माराही करावा लागे. बांगर यांनी हे सारे केले. रेल्वेने 2001-02 आणि 2004-05 मध्ये रणजी करंडक जिंकला, त्या काळात ते संघाचे प्रमुख अष्टपैलू होते. जानेवारी 2013 मध्ये निवृत्त होताना त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीत आठ हजारांवर धावा होत्या. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी जे केले त्याची मुळे या कष्टाच्या क्रिकेटमध्ये शोधावी लागतात.

भारताकडून ते 12 कसोटी व 15 एकदिवसीय सामने खेळले. नागपुरात झिंबाब्वेविरुद्ध 2002 मध्ये नाबाद शतक झाले, पण त्यांची खरी ओळख त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील इंग्लंडविरुद्धच्या हेडिंग्ले कसोटीची. ढगाळ हवेत भारताने फलंदाजी घेतली होती. बांगर यांनी सलामीला 68 धावा करत राहुल द्रविडसह दुसऱ्या गड्यासाठी 170 धावा जोडल्या. शतके द्रविड, तेंडुलकर व गांगुली यांची झाली आणि भारत एक डाव 46 धावांनी जिंकला. त्या शतकांखालचा पाया मात्र या 68 धावांनी घातला होता.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रशिक्षक आधी एखाद्या जागेच्या खेळाडूंना शिकवतो, मग आक्रमणाचा किंवा बचावाचा समन्वयक होतो आणि त्यानंतर कधीतरी मुख्य प्रशिक्षक. भारतीय क्रिकेटमध्ये अशी शिडी 2008 पर्यंत जवळजवळ नव्हती. आयपीएलने ती उभी केली. बांगर तिच्यावर पायरी पायरीने चढले. कोची टस्कर्स संघाचे ते फलंदाजी प्रशिक्षक होते. किंग्ज इलेव्हन पंजाबकडे 2014 मध्ये साहाय्यक म्हणून गेले आणि मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी संघ अंतिम फेरीत पोहोचला.

ऑगस्ट 2014 मध्ये इंग्लंडमधील कसोटी मालिका 1-3 अशी गमावल्यावर भारतीय संघाच्या फलंदाजीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या मालिकेतील दहा डावांत विराट कोहलीच्या 134 धावा होत्या. इंग्लंडच्याच 2018 च्या दौऱ्यात त्या 593 झाल्या. याचे श्रेय प्रथम फलंदाजाचेच, तरी त्या चार वर्षांत फलंदाजी प्रशिक्षक बांगर होते हे विसरून चालणार नाही. ऑस्ट्रेलियातला पहिला कसोटी मालिकाविजय (2018-19) याच कार्यकाळातला. झिंबाब्वे दौऱ्यावर (2016) ते मुख्य प्रशिक्षक होते.

विश्वचषक 2019 च्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध भारताचे पहिले तीन फलंदाज 5 धावांत परतले आणि सामना 18 धावांनी गेला. त्यानंतर गोलंदाजी व क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक कायम राहिले. बांगर यांच्या जागी विक्रम राठोड आले. संघाला चौथ्या क्रमांकासाठी भरवशाचा फलंदाज न सापडल्याचे खापर एकट्या प्रशिक्षकावर फुटणे अन्यायाचे होते, कारण संघनिवड त्याच्या हातात नसते.

रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने 2021 मध्ये त्यांना सल्लागार नेमले व त्याच वर्षाअखेर मुख्य प्रशिक्षक केले. हे पद 2023 मध्ये अँडी फ्लॉवर यांच्याकडे गेले. त्याच डिसेंबरात पंजाब संघाने त्यांना क्रिकेट विकासप्रमुख म्हणून परत बोलावले. दहा हंगामांपूर्वी याच संघात ते साहाय्यक म्हणून आले होते.